स्कंधभेद आणि पंचकोनी संख्या : एका आगमिक प्रश्नाचा गणिती प्रवास

भगवतीसूत्र अर्थात व्याख्याप्रज्ञप्ती या अंगग्रंथातील प्रकरणांना 'शतक' अशी संज्ञा आहे. त्यांपैकी बाराव्या शतकाच्या चौथ्या उद्देशकाचा आरंभ अगदी साध्या वाटणाऱ्या पृच्छेने होतो. राजगृह नगरीत गणधर गौतमस्वामी भगवान महावीरांना विचारतात की, दोन परमाणू-पुद्गल एकत्र आले असता काय होते. उत्तर मिळते की, त्यांचा द्विप्रदेशी स्कंध होतो, आणि तो भेद पावला तर एकीकडे एक परमाणू व दुसरीकडे एक परमाणू असे त्याचे दोन भाग होतात. मग तीन परमाणूंविषयी प्रश्न येतो. त्यांचा त्रिप्रदेशी स्कंध होतो. त्याचे दोन भाग झाले तर एकीकडे परमाणू व दुसरीकडे द्विप्रदेशी स्कंध, आणि तीन भाग झाले तर तीन सुटे परमाणू. नंतर चार, पाच, सहा असे करीत हा संवाद दहा परमाणूंपर्यंत पोहोचतो. तेथून तो संख्यात, असंख्यात आणि अनंत प्रदेशी स्कंधांकडे वळतो.

स्वाध्यायात हा पाठ ऐकताना पुष्कळांना तो पुनरुक्तीचा वाटतो. तेच शब्द, तीच रचना, फक्त आकडा एकेकाने वाढत जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र या पुनरुक्तीतच एक असा प्रश्न दडलेला आहे की, ज्याने युरोपातील श्रेष्ठ गणितज्ञांना अठराव्या शतकापासून गुंतवून ठेवले आणि ज्याच्या उत्तरात आपल्या देशाच्या श्रीनिवास रामानुजन यांचे नाव कायमचे कोरले गेले. गणितात या विषयाला पूर्णांकांची विभाजने असे म्हणतात. एखादी संख्या लहान-मोठ्या पूर्ण संख्यांच्या बेरजेच्या रूपाने किती प्रकारे मांडता येईल, एवढाच तो प्रश्न. बेरजेतील पदांचा क्रम बदलला तर प्रकार नवा मानायचा नाही.

आगमातील यादी या दृष्टीने पुन्हा पाहावी. चतुःप्रदेशी स्कंधाचे दोन भाग झाले तर ते १ व ३ किंवा २ व २ असतात. तीन भाग झाले तर १, १ व २. चार झाले तर चारही सुटे. म्हणजे एकूण चार भेद. पंचप्रदेशी स्कंधाचे दोन भागांत १ व ४ किंवा २ व ३. तीन भागांत १, १ व ३ किंवा १, २ व २. चार भागांत १, १, १ व २. आणि पाच भागांत सर्व सुटे. एकूण सहा. षट्प्रदेशी स्कंधाचे याच रीतीने दहा भेद होतात. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, एकीकडे परमाणू व दुसरीकडे द्विप्रदेशी स्कंध असे एकदा सांगितल्यावर त्याची उलट मांडणी वेगळा भेद म्हणून सांगितलेली नाही. परमाणूला पहिला-दुसरा असे स्थान नसते, म्हणून क्रमही मोजायचा नाही. हा विवेक पूर्ण जाणीवपूर्वक केलेला दिसतो. दुसरी अशी की, यादी वाटेल तशी नाही. आधी दोन भाग, मग तीन, मग चार अशा पायऱ्यांनी ती पुढे जाते. एखादा प्रकार निसटू नये आणि एखादा दोनदा येऊ नये यासाठी आजचा गणिताचा विद्यार्थीही हीच वाट धरील.

गणितज्ञ विभाजने मोजताना न फुटलेल्या अखंड संख्येलाही एक प्रकार मानतात. आगमात विषयच भेदाचा असल्याने अखंड स्कंध त्यात येत नाही. म्हणून आगमिक भेदांच्या संख्येत एक मिळवला की गणितातील विभाजनांची संख्या मिळते. एकपासून बारापर्यंत ती अशी आहे : १, २, ३, ५, ७, ११, १५, २२, ३०, ४२, ५६, ७७.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भगवतीसूत्राचा उपलब्ध पाठ श्वेतांबर परंपरेचा असून तो इसवी सनाच्या पाचव्या शतकात वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली लिपिबद्ध झाला. अभयदेवसूरींनी त्यावरील वृत्ती विक्रम संवत् ११२८ मध्ये पूर्ण केली. दिगंबर परंपरा हे आगम प्रमाण मानीत नाही. परंतु परमाणू, स्कंध, भेद आणि संघात यांचा विचार तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आहेच, आणि तो ग्रंथ आपणा सर्वांना सारखाच वंदनीय आहे. त्यामुळे हा वारसा कोणा एका आम्नायाचा म्हणता येत नाही.

मोजण्याच्या तीन रीती

जैन परंपरेत मोजणीचा हा एकच प्रकार नव्हता. भगवतीसूत्राच्याच नवव्या शतकाच्या बत्तिसाव्या उद्देशकात भगवान पार्श्वनाथांच्या परंपरेतील गांगेय अणगार भगवान महावीरांना विचारतात की, नारकी जीव सात पृथ्वींमध्ये कोणकोणत्या प्रकारे प्रवेश करतात. एक जीव असेल तर सात विकल्प, हे उघड आहे. दोन जीव असतील तर दोघेही एकाच पृथ्वीत जाण्याचे सात आणि वेगवेगळ्या पृथ्वींत जाण्याचे एकवीस, असे अठ्ठावीस. तीन जीवांचे ८४, चारांचे २१०, आणि असे करीत दहा जीवांचे ८००८ विकल्प होतात. स्थानकवासी परंपरेत गांगेय अणगाराचे भांगे थोकड्याच्या रूपाने आजही कंठस्थ केले जातात. ज्यांनी ते पाठ केले आहेत त्यांना या आकड्यांचे वजन वेगळे सांगायला नको.

या मोजणीत जीव एकसारखे मानले आहेत, परंतु पृथ्वी मात्र निरनिराळ्या आहेत : रत्नप्रभा वेगळी, शर्कराप्रभा वेगळी. म्हणूनच येथे सरळ नियम सापडतो. दोन जीवांचे २८ विकल्प म्हणजे १ ते ७ या संख्यांची बेरीज होय. खडे त्रिकोणात मांडावे, पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, तर सात ओळींत अठ्ठावीस खडे बसतात. अशा संख्यांना त्रिकोणी संख्या म्हणतात. ही नोंद वाचकांनी मनात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे. अशा निवडींचा सर्वसामान्य नियम महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात दिला. हे आचार्य नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात झाले. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. परंतु वेरूळची लेणी ज्यांच्या राज्यात होती ते हेच राष्ट्रकूट, हे महाराष्ट्रातील वाचकांना स्मरत असेलच.

तिसरी रीत छंदःशास्त्राची. मात्रावृत्तात लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. चार मात्रांचा चरण किती प्रकारे रचता येईल? दोन गुरू; एक गुरू व दोन लघु, यात गुरूचे स्थान पहिले, मधले किंवा शेवटचे; आणि चारही लघु. असे पाच प्रकार. कवितेत क्रम बदलला की चाल बदलते, म्हणून येथे क्रम मोजावाच लागतो. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात छंदोनुशासनात याचा नियम सांगितला आहे : मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी ही मालिका चालते. विरहांक आणि गोपाल या छंदःशास्त्रकारांना ती त्याआधी ज्ञात होती. इटलीतील पिसा नगरीच्या लिओनार्डोचा ग्रंथ १२०२ मधला. तरीही जगभर ही मालिका त्याच्याच फिबोनाची या नावाने ओळखली जाते.

आता या दोन मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात. हेमचंद्राचार्यांची १, २, ३, ५, ८, १३ आणि स्कंधाच्या विभाजनांची १, २, ३, ५, ७, ११. पहिल्या चार पावलांपर्यंत दोघी हातात हात घालून चालतात. पाचव्या पावलावर एकीने आठ म्हटले आणि दुसरीने सात. असे का व्हावे, आणि पुढे हे अंतर कोणत्या हिशेबाने वाढत जाते, याचे उत्तर भारतात मिळाले नाही. ते मिळाले रशियातील सेंट पीटर्सबर्ग आणि जर्मनीतील बर्लिन या नगरांत, आणि त्या उत्तरात एका अनपेक्षित पाहुण्याचा, म्हणजे पंचकोनाचा, प्रवेश झाला.

ऑयलरचा शोध

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस योहान बर्नुली यास लिहिलेल्या पत्रात संख्या किती प्रकारे फोडता येते हा प्रश्न उपस्थित केला होता. परंतु खरी सुरुवात १७४० मध्ये झाली. बर्लिन येथील फिलिप नोदे या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत असलेल्या लिओनार्ड ऑयलर यास पत्र लिहून विचारले की, ५० ही संख्या सात परस्परभिन्न संख्यांच्या बेरजेच्या रूपाने किती प्रकारे लिहिता येईल. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पन्नास प्रदेशांच्या स्कंधाचे सात असमान भाग किती प्रकारे होतील. ऑयलरचे उत्तर होते ५२२. भाग समान असण्याची मुभा दिली तर हीच संख्या ८९४६ होते.

अशी उत्तरे याद्या करून मिळत नाहीत. ऑयलरने केलेली युक्ती थोडक्यात अशी. त्याने अनंत कंसांचा एक गुणाकार घेतला : पहिल्या कंसात एकातून एक चल वजा केलेला, दुसऱ्यात एकातून त्या चलाचा वर्ग, तिसऱ्यात त्याचा घन, आणि असेच पुढे. गुणाकार करीत गेल्यावर हजारो पदे येतात. पण त्याला आढळले की जवळजवळ सर्व पदे एकमेकांना खाऊन टाकतात आणि फारच थोडी शिल्लक राहतात. उरलेल्या पदांचे घातांक होते १, २, ५, ७, १२, १५, २२, २६, ३५, ४०. चिन्हेही शिस्तीत : दोन उणे, दोन अधिक, पुन्हा दोन उणे.

यांतील १, ५, १२, २२, ३५ या संख्या ग्रीकांना माहीत होत्या. खडे पंचकोनाच्या आकारात मांडत जावे तर याच संख्या मिळतात, म्हणून त्यांना पंचकोनी संख्या म्हणतात. उरलेल्या २, ७, १५, २६, ४० या त्यांच्याच भगिनी. पंचकोनी संख्येच्या सूत्रात क्रमांक ऋण घातला की त्या बाहेर येतात. दोन्ही मिळून झालेल्या कुळाला व्यापक पंचकोनी संख्या असे म्हणू. ज्यांना सूत्रांची भीती वाटते त्यांच्यासाठी याहून सोपी वाट आहे. मघाशी सांगितलेल्या त्रिकोणी संख्या घ्याव्यात : १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६, ४५, ५५, ६६, ७८. त्यांतून तीनने भाग न जाणाऱ्या १, १०, २८, ५५ या वगळाव्यात. उरलेल्यांना तीनने भागावे : १, २, ५, ७, १२, १५, २२, २६. म्हणजे व्यापक पंचकोनी संख्या म्हणजे त्रिकोणी संख्येचा तिसरा हिस्सा, इतके हे सोपे आहे.

या शोधातून विभाजने मोजण्याचा नियम निघाला. कोणत्याही संख्येची विभाजने हवी असतील तर तिच्यातून १, २, ५, ७, १२, १५ या संख्या एकेक करून वजा कराव्यात, मिळालेल्या संख्यांची आधीच माहीत असलेली विभाजने घ्यावीत, आणि पहिल्या दोहोंची बेरीज, पुढच्या दोहोंची वजाबाकी, पुन्हा पुढच्या दोहोंची बेरीज असे करीत जावे. वजा करता करता शून्य उरले तर त्याचे विभाजन एक धरावे. पाचसाठी : चारची ५ आणि तीनची ३ मिळून ८, त्यातून शून्याचे १ वजा, राहिले ७. दहासाठी : नवाची ३० आणि आठाची २२ मिळून ५२, त्यातून पाचाची ७ आणि तीनाची ३ वजा, राहिले ४२.

पाचचा हिशेब पुन्हा एकदा पाहावा अशी विनंती आहे. मागच्या दोन संख्यांची बेरीज, हा हेमचंद्राचार्यांचाच नियम! ऑयलरच्या नियमाची पहिली दोन पदे म्हणजे छंदोनुशासनाची रीत, आणि पुढची सर्व पदे म्हणजे तिच्यात करावयाची दुरुस्ती. वजा करावयाची पहिली संख्या ५ असल्यामुळे चारपर्यंत दुरुस्तीला वावच नसतो. म्हणूनच दोन मालिका पहिली चार पावले बरोबर चालतात आणि पाचव्यावर त्यांची ताटातूट होते. आपल्या दोन आचार्यपरंपरांनी दोन वेगळ्या प्रयोजनांनी केलेल्या मोजण्यांमधील अंतर नेमके पंचकोनी संख्यांनी भरून निघते. ही गोष्ट कोणी ठरवून केलेली नाही, आणि म्हणूनच ती अधिक सुंदर वाटते.

ऑयलरला हा नियम दिसला तरी त्याची सिद्धता सापडत नव्हती. त्याने ते लपविले नाही. अनेक उदाहरणे तपासली, नियम खरा असल्याची आपली खात्री आहे पण सिद्धता आपणाकडे नाही, असे सांगूनच त्याने तो विद्वानांपुढे ठेवला. सिद्धता त्याला सुमारे नऊ वर्षांनी मिळाली. जून १७५० मध्ये ती त्याने मित्र गोल्डबाख यास पत्राने कळविली. या दरम्यान १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने विभाजनांवर स्वतंत्र प्रकरणच लिहिले होते.

अक्षतांची मांडणी

पदे एकमेकांना खाऊन टाकतात याचा अर्थ काय, हे फेबियन फ्रँकलिन या अमेरिकेतील गणितज्ञाने १८८१ मध्ये इतक्या सोप्या रीतीने दाखविले की, त्यास कागद-पेन्सिलही लागत नाही. देरासरात पाटावर अक्षता मांडणाऱ्या कोणालाही ते करून पाहता येईल.

सहा दाणे घ्यावेत आणि ते असमान ओळींत लावावेत. मोठी ओळ वर, लहान खाली, डावी कड सरळ. चार मांडण्या होतात : सहाची एकच ओळ, पाच व एक, चार व दोन, तीन, दोन व एक. यांपैकी दोन मांडण्यांत ओळींची संख्या विषम आहे आणि दोहोंत सम. हा योगायोग नव्हे. पाच व एक या मांडणीतील खालचा एकटा दाणा उचलून वरच्या ओळीच्या शेवटी ठेवला की सहाची ओळ होते. चार व दोन यांतील वरच्या ओळीचा शेवटचा दाणा उचलून खाली नवी ओळ म्हणून ठेवला की तीन, दोन व एक होते. सर्वसाधारण रीत अशी : खालची ओळ लहान असेल तर तिचे दाणे वरच्या ओळींच्या उजव्या टोकांना एकेक करून वाटावेत, उजवीकडची तिरपी कड लहान असेल तर ती उचलून खाली नवी ओळ करावी. प्रत्येक वेळी ओळींची संख्या एकाने बदलते, म्हणजे समाची विषम किंवा विषमाची सम होते. अशा रीतीने सम व विषम मांडण्यांच्या जोड्या लागतात आणि हिशेबात त्या परस्परांना नाहीशा करतात.

काही मांडण्यांना मात्र जोडीदार मिळत नाही. तीन व दोन ही मांडणी घ्यावी. खालचे दोन दाणे दोन ओळींना वाटायचे, पण खालची ओळ उचलल्यावर वर उरते एकच ओळ. चार व तीन घेतली तर तिरपी कड उचलून खाली ठेवताच दोन-दोनच्या समान ओळी होतात, आणि त्या चालत नाहीत. अशा अडलेल्या मांडण्यांतील दाणे मोजावेत : ३ व २ म्हणजे ५, ४ व ३ म्हणजे ७, ५, ४ व ३ म्हणजे १२, ६, ५ व ४ म्हणजे १५. जेथे हालचाल अडते तेथेच पंचकोनी संख्या उभ्या असतात.

पुढचा इतिहास बहुश्रुत असल्याने थोडक्यात सांगतो. विभाजनांची संख्या किती वेगाने फुगते पाहा : वीसची ६२७, पन्नासची २,०४,२२६, आणि शंभरची १९,०५,६९,२९२. तोफखान्यातील नोकरीनिमित्त १८७० च्या दशकात भारतात राहून गेलेला पर्सी मॅकमहॉन हा पुढे इंग्लंडमधील मोठा गणितज्ञ झाला. त्याने ऑयलरचा पंचकोनी नियम वापरून दोनशेपर्यंतचा कोष्टक हाताने तयार केला; दोनशेची विभाजने आहेत ३९,७२,९९,९०,२९,३८८. रामानुजन आणि हार्डी यांनी १९१८ मध्ये दिलेले सूत्र या कोष्टकाशी ताडून पाहिले गेले आणि ते अचूक उतरले. त्याच कोष्टकावरून रामानुजन यांच्या ध्यानात आले की ४, ९, १४, १९ अशा संख्यांची विभाजने, म्हणजे ५, ३०, १३५, ४९०, ही सदैव पाचच्या पटीत येतात. १९१९ मध्ये त्यांनी ते सिद्धही केले.

आपले काय आणि किती

आपल्या व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून एक वाक्य वारंवार भेटते : आधुनिक विज्ञानाने जे शोधले ते सर्व आगमांत आधीपासूनच आहे. श्रद्धेपोटी केलेले हे विधान वस्तुतः आगमांवर अन्यायच करते, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. पंचकोनी संख्यांचा नियम भगवतीसूत्रात नाही, गणितसारसंग्रहात नाही, छंदोनुशासनातही नाही. तो ऑयलरचा आहे. आगमात भेदांची यादी आहे. भेद किती, हे यादी न करता सांगणारा नियम नाही. तेथील प्रयोजनही संख्येचे नसून पुद्गलाच्या स्वरूपाचे आहे, कारण हाच उद्देशक पुढे पुद्गल-परावर्ताच्या विचाराकडे जातो.

परंतु उलट बाजूही तितकीच खरी. विभाजनांचा इतिहास लिहिताना आरंभ सामान्यतः लायब्निट्झ आणि ऑयलर यांच्यापासून केला जातो. त्यांच्या किमान बाराशे वर्षे आधी लिपिबद्ध झालेल्या ग्रंथात क्रम न मोजता संख्येचे भाग पाडणे, भागांच्या संख्येनुसार त्यांची वर्गवारी लावणे आणि हे दोनपासून दहापर्यंत सलग करून दाखविणे ही तीनही कामे झाली आहेत. शिवाय दहानंतर न थांबता संख्यात प्रदेशी स्कंधाचे भाग कसे पडतील, असंख्यात प्रदेशीचे कसे आणि अनंत प्रदेशीचे कसे, असा प्रश्न पुढे नेण्याचे धैर्य तेथे आहे. ऑयलरला तो प्रश्न पडला नव्हता. जे आपले आहे तेवढे नेमके सांगितले तरी ते अल्प नाही.

ते नेमके सांगण्याचे काम काहींनी केले आहे. विभूतिभूषण दत्त यांनी १९२९ मध्ये जैन गणितपरंपरेवर लिहिलेल्या निबंधाने अभ्यासकांचे लक्ष या साहित्याकडे वेधले. षट्खंडागमाच्या धवला टीकेचे खंड डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून आपल्या अमरावतीहून निघू लागले, आणि त्यांतील गणितावर अवधेश नारायण सिंह यांनी लिहिले. गणितसारसंग्रहाचा हिंदी अनुवाद प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी केला व तो १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. ही दोन्ही प्रकाशने महाराष्ट्रातील, आणि ती श्रावकांच्याच दानातून उभी राहिली. आपल्यासारख्या न्यासांनी ग्रंथप्रकाशनाचा विचार करताना ही उदाहरणे समोर ठेवण्यासारखी आहेत.

स्कंधभेदाच्या पाठाचे एक काम अजूनही कोणाही श्रावकाला घरबसल्या करण्याजोगे आहे. लांबलचक आणि एकसारख्या याद्या लिहिताना लेखनिकाकडून एखादा भंग गळणे किंवा दुबार येणे अगदी स्वाभाविक असते. सात, आठ प्रदेशांपर्यंत डोळ्यांना चूक दिसते. नऊ-दहाला ती दिसत नाही. तेथे ऑयलरचा नियम लेखनिकाच्या चुका दाखविणारा तपासनीस होऊ शकतो. आठ प्रदेशांच्या स्कंधाचे भेद २१, नऊचे २९ आणि दहाचे ४१ असले पाहिजेत. भागांप्रमाणे पाहायचे तर नऊ प्रदेशी स्कंधाचे दोन भागांत ४, तीनांत ७, चारांत ६, पाचांत ५, सहांत ३, सातांत २, आणि आठांत व नऊंत प्रत्येकी १. दहा प्रदेशीचे दोन भागांत ५, तीनांत ८, चारांत ९, पाचांत ७, सहांत ५, सातांत ३, आठांत २, आणि नऊंत व दहांत प्रत्येकी १. आपल्या उपाश्रयातील किंवा ग्रंथभांडारातील प्रत उघडून हे आकडे एकेका ओळीशी ताडून पाहता येतील. पाठशाळेतील मोठ्या मुलांना अकरा प्रदेशी स्कंध द्यावा. सूत्रात तो नाही. दहाची ४२ आणि नवाची ३० यांची बेरीज करावी, त्यातून सहाची ११ आणि चारची ५ वजा करावीत, राहतात ५६. अखंड स्कंध सोडला तर भेद पंचावन्न.